आंतरजाळे कूटचलन-हस्तांतरण

एका ब्लॉकचेन जाळ्यावरील कूटचलन दुसऱ्या जाळ्यावर वापरता यावे, यासाठी योजलेली प्रक्रिया. प्रत्येक ब्लॉकचेन ही स्वतंत्र नोंदवही असल्याने एकीवरील चलन दुसरीवर थेट नेता येत नाही. गोंदिया जंक्शनवर पूर्वी रुंदमापी व अरुंदमापी लोहमार्ग एकत्र येत; तेथे एका मार्गावरील माल उतरवून दुसऱ्या मार्गाच्या वाघिणींत भरावा लागे. कूटचलनाच्या बाबतीत मात्र माल हलत नाही. मूळ चलन पहिल्या जाळ्यावर अडकवून ठेवतात व तेवढेच प्रतिरूप चलन दुसऱ्यावर निर्माण करतात. परतीच्या वेळी प्रतिरूप नष्ट करून मूळ चलन मोकळे करतात. या यंत्रणेस सेतू म्हणतात. मुंबईत २०१७ मध्ये मॅटिक नेटवर्क या नावाने सुरू झालेल्या पॉलिगॉन जाळ्याचा ईथेरियमशी जोडणारा सेतू याच तत्त्वावर उभारला गेला.

प्रतिरूपाचे मूल्य अडकविलेल्या साठ्यावर अवलंबून असते. साठा गेल्यास ते निराधार ठरते. मार्च २०२२ मध्ये रोनिन सेतूच्या नऊपैकी पाच प्रमाणकांच्या गुप्त किल्ल्या हस्तगत करून ५० कोटी डॉलरांहून अधिक मूल्याचे चलन चोरण्यात आले. म्हणून किल्ल्या किती व कोणाच्या हाती आहेत, यावरच सेतूची विश्वासार्हता ठरते.