जाळीच्या आत आपली पोरं, जाळीबाहेर आपण



गेल्या महिन्यातील एका रविवारी आमच्या वस्तीतून दोन टेंपो भरून माणसे शेजारच्या शहरातील एका मंगल कार्यालयात गेली. लग्न नव्हते, साखरपुडाही नव्हता. एरवी जिथे वधूवरांच्या खुर्च्या मांडतात तिथे लोखंडी जाळीचा पिंजरा उभा केला होता आणि त्यात 'एमएमए' म्हणजे मिश्र मार्शल आर्टच्या झुंजी होत्या. आमच्या वस्तीतला एक पोरगा त्यात उतरणार होता. वय एकोणीस. दिवसा कुरिअरची पार्सले वाटतो, संध्याकाळी जिममध्ये घाम गाळतो आणि दर रविवारी विहारात वंदनेला येतो. त्या रविवारी वंदना चुकली. आईला त्याने सांगितले होते, "कराटेची स्पर्धा आहे."

मीही गेलो. टाळ्या वाजवायला गेलो आणि प्रश्न घेऊन परत आलो.

हा खेळ आहे तरी काय?

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात यूएफसीचा पहिला कार्यक्रम झाला. मुष्टियोद्धा भारी की कराटेवाला, की कुस्तीगीर, असा तो सवाल होता. त्या एका रात्रीत ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने आपल्याहून धिप्पाड गड्यांनाही जमिनीवरच्या डावांनी शरण आणले. तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच. पुढे २००१ च्या सुमारास न्यू जर्सीत एकत्रित नियम ठरले. डोळ्यात बोट घालणे, डोक्याने धडक देणे, डोक्याच्या मागच्या बाजूला मारणे, जांघेत मारणे हे सारे निषिद्ध झाले. व्यावसायिक झुंजीत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात. नवशिक्यांच्या फेऱ्या बहुधा तीन मिनिटांच्या ठेवतात.

आपल्याकडे २०१२ साली मुंबईत सुपर फाईट लीग सुरू झाली. २०१७ मध्ये भारत खंडारे हा यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय ठरला. २०२४ साली पूजा तोमर ही तिथे झुंज जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तेव्हा हा खेळ म्हणजे नुसती गुंडगिरी आहे असे म्हणून नाक मुरडणे बरोबर नाही. शिवाय एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. आपल्या वाडवडिलांना गावच्या तालमीची माती अंगाला लावायची सोय नव्हती. आज पोरगा जिममध्ये जातो तेव्हा त्याला कोणी जात विचारत नाही. हे लहान पाऊल नव्हे.

झुंजी कशा झाल्या?

एकूण आठ झुंजी झाल्या. पहिल्या दोन्ही एकाच साच्याच्या. घंटा वाजताच पोरे एकमेकांवर तुटून पडली. हनुवटी वर, हात कमरेपाशी, डोळे मिटून ठोसे. तीन मिनिटांच्या फेरीत दीड मिनिटातच दम संपला आणि उरलेला वेळ दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून उभे राहिले. लोक हसले. मला मात्र त्यांच्या गुरुजींचा राग आला. छातीत हिंमत भरपूर होती. ज्याला अजून हनुवटी झाकता येत नाही त्याला पिंजऱ्यात ढकलण्याची घाई कोणाला झाली होती? त्यात हातमोजे चार औंसांचे, म्हणजे जेमतेम ११३ ग्रॅमचे, व्यावसायिक लढवय्यांचे. मुष्टियुद्धात दहा औंसांचे असतात. कच्च्या पोरांना जाड हातमोजे देणे इतकी साधी गोष्टही कोणाला सुचली नाही.

तिसऱ्या झुंजीत एक कुस्तीगीर होता. काय सुरेख पट काढला त्याने! समोरचा क्षणात पाठीवर. सभागृह उसळले. कुस्ती असती तर तिथेच निकाल लागला असता. पण इथे पाठ टेकली म्हणून हार होत नाही. खालच्याने त्याची मान काखेत धरली, पाय कमरेला आवळले आणि पैलवानाला हाताने थाप मारून हार मानावी लागली. या डावाला गिलोटिन म्हणतात. शांघायमध्ये खंडारे पहिल्याच फेरीत याच डावाला बळी पडले होते. आपल्या मातीतल्या पोरांना पट शिकवावा लागत नाही, पट काढताना मान कुठे ठेवायची ते शिकवावे लागते. तेवढे शिकवणारा माणूस त्याच्या कोपऱ्यात नव्हता.

सगळ्यात चांगली झुंज दोन मुलींची झाली. एकीचे पदलालित्य असे की समोरचीचा ठोसा हवेतच जाई. दुसरी ज्युदो शिकलेली. तिने संधी साधून कमरेवरून फेकले आणि हाताचा सांधा ताणून धरला. थाप पडताच रेफरीने सोडवले, जिंकणारीने त्याच क्षणी हात सोडला आणि दोघी गळ्यात गळा घालून उभ्या राहिल्या. खेळ म्हणतात तो हा. पण निवेदक महाशय त्यांच्या कपड्यांवर विनोद करीत होते आणि पुढच्या रांगेतली मोठी माणसे दात काढत होती. त्या दोघींच्या आया तिथे बसल्या होत्या.

मग आमचा पोरगा आला

खांद्यावर निळी शाल घेऊन तो आला. आमच्या लोकांनी जयभीमचा गजर केला. आधी ठरलेला प्रतिस्पर्धी आला नव्हता, म्हणून ऐनवेळी दुसरा उभा केला होता. तो नुसत्या डोळ्यांनाही आठ-दहा किलोंनी जड दिसत होता. त्याचे वजन झाल्याचे कोणी पाहिले नाही. आमच्या पोराने मात्र वजनात बसायचे म्हणून दोन दिवस पाणीसुद्धा तोडले होते. अशाच वजन उतरवण्याच्या खटाटोपात डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियानबिंग हा अवघ्या एकवीस वर्षांचा चिनी लढवय्या मनिला येथे मरण पावला. त्यानंतर त्या स्पर्धेच्या संघटनेने पाणी तोडून वजन घटवण्यावर बंदी आणली. आमच्याकडच्या गुरुजींना ही गोष्ट ठाऊक नसावी, किंवा ठाऊक असून त्यांनी ती सांगितली नसावी.

पहिली फेरी आमच्या पोराने छान खेळली. मांडीवर लाथा मारून तो बाजूला सरकत होता, अंतर राखत होता. दुसऱ्या फेरीत पाय जड झाले. उजव्या हाताचा एक ठोसा बसला आणि तो खाली गेला. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही त्याची झुंज तत्काळ थांबवणे हे रेफरीचे पहिले काम. रेफरी पलीकडच्या बाजूला उभा राहिला. पाच ठोसे आणखी बसले. मी मोजले.

त्या पाच ठोशांच्या वेळी आमची माणसे ओरडत होती, "ऊठ! मार! सोडू नको!" वाचकहो, लपवत नाही. त्यात माझाही आवाज होता.

पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ बर्फाची पिशवी घेऊन धावले. ते डॉक्टर नव्हेत, फिजिओथेरपिस्ट होते हे नंतर कळले. रुग्णवाहिका नव्हती. शेवटची झुंज आयोजकाच्याच जिमच्या मुलाची होती. या खेळात फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ मिळतात. परिणामकारक मारा आणि पकड यांना पहिले महत्त्व असते, नुसते पुढे पुढे धावण्याला नव्हे. तो मुलगा तिन्ही फेऱ्या पुढे धावला आणि मार खात राहिला, तरी दोन विरुद्ध एक मतांनी तोच विजयी ठरला.

हिशेबाची वही

मी कारकून माणूस, आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. तिकीट ३०० रुपये, खुर्च्या सुमारे ६००. म्हणजे भरलेल्या सभागृहाचे १,८०,००० रुपये. जाहिरातींचे फलक वेगळे. आमच्या पोराने प्रवेश फी भरली १५०० रुपये आणि वीस तिकिटे वस्तीत खपवली ६,००० रुपयांची. त्याच्या हाती काय आले? एक टी-शर्ट आणि एक पदक. परतताना टेंपोत त्याला दोनदा उलटी झाली. रात्री अकराला दवाखाना गाठला, डोक्याचा स्कॅन केला. सुदैवाने आत रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी महिनाभर डोक्याला धक्का लागू न देण्याची ताकीद दिली. तिसऱ्या दिवशी तो पार्सले घेऊन मोटारसायकलवर होता. रोज भरला नाही तर रोजंदारी मिळत नाही.

धम्म काय सांगतो?

कोणी म्हणेल, पंचशील घेणाऱ्यांनी असल्या खेळाच्या वाटेलाच जाऊ नये. मी तसे म्हणत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. खेळाडूला प्रतिस्पर्ध्याचा नाश नको असतो. त्या ज्युदोवाल्या मुलीने थाप पडताच हात सोडला, त्यात शील होते. पडलेल्या पोराला मार बसत असताना आम्ही ओरडत होतो, त्यात नव्हते. दोष एकट्या आयोजकाचा नाही. प्राचीन रोममध्ये गुलाम झुंजत आणि मालक मजा बघत. इथे तर झुंजणारेही आपले, बघणारेही आपले आणि पैसेही आपलेच. नफा तेवढा दुसऱ्याचा.

म्हणून आई-वडिलांना कळकळीची विनंती. पोरगा अशा झुंजीत उतरणार म्हणत असेल तर त्याला शिव्या देऊ नका, नाहीतर तो खोटे बोलेल. त्याच्याबरोबर जा आणि आयोजकाला चार प्रश्न विचारा. डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे का? दोघांचे वजन सर्वांसमोर होणार का? समोरचा किती झुंजी खेळलेला आहे? दुखापतीचा खर्च कोण देणार? उत्तर टाळले तर पोराला घरी आणा. झुंजीनंतर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी झाली तर सकाळची वाट पाहू नका. आणि मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी उपयोग आहे की नाही, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन आधी विचारा. कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध हे ऑलिंपिकमधले खेळ आहेत. पाया तिथे घातला तर शरीरही घडेल आणि कागदालाही किंमत येईल.

तरुण मंडळांनाही सांगणे आहे. जयंतीच्या ध्वनिक्षेपकावर होणाऱ्या खर्चातून थोडे वाचवा आणि विहाराच्या सभागृहात चार चांगल्या मॅट आणा. आठवड्यातून दोन दिवस जाणता शिक्षक बोलवा. शेजारी वाचनालय असू द्या. बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले, ते झुंजणाऱ्यालाही लागू आहे.

परवा त्या पोराची आई वाटेत भेटली. म्हणाली, "भाऊ, कराटेत एवढं लागतं का हो? तुम्ही होता ना तिथं?"

होतो, ताई. खुर्चीवर बसून ओरडत होतो. पुढच्या वेळी जाळीला हात लावून "थांबवा" म्हणणारा आपल्यातला पहिला माणूस मी असेन, एवढा शब्द या लेखातून तुम्हाला देतो.

जयभीम!