कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचे जैविक नियंत्रण

कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचे जैविक नियंत्रण म्हणजे परोपजीवी गांधीलमाश्यांच्या साहाय्याने या किडीची संख्या मर्यादेत ठेवण्याची पद्धत होय. या पतंगाच्या (शास्त्रीय नाव: प्लुटेला झायलोस्टेला) हिरवट अळ्या कोबी, फुलकोबी व मोहरीवर्गीय इतर पिकांची पाने कुरतडतात. पानांना छिद्रे पडतात आणि गड्ड्याला बाजारात भाव मिळत नाही.

पार्श्वभूमी

कीटकनाशकांना दाद न देण्याबद्दल ही कीड कुप्रसिद्ध आहे. डीडीटीविरुद्धच्या तिच्या प्रतिकारक्षमतेची नोंद जावा बेटावर १९५३ साली झाली. पुढे बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूपासून बनविलेल्या कीटकनाशकालाही ती काही ठिकाणी सरावली. फवारणी वाढवत नेल्याने प्रश्न सुटत नाही, उलट बिकट होतो. कारण अळ्या तगतात आणि त्यांचे नैसर्गिक शत्रू मात्र मरतात.

परोपजीवी कीटक

डायडेग्मा सेमिक्लॉजम आणि कोटेसिया व्हेस्टॅलिस (पूर्वीचे नाव कोटेसिया प्लुटेली) या दोन जाती सर्वांत महत्त्वाच्या आहेत. काही मिलिमीटर लांबीच्या या माश्या माणसाला उपद्रव देत नाहीत. मादी पतंगाच्या अळीच्या शरीरात अंडे घालते. अंड्याबरोबर सोडलेले विषाणुसदृश कण अळीची रोगप्रतिकारशक्ती दुबळी करतात. अंड्यातून निघालेले पिल्लू अळीला आतून खात वाढते. डायडेग्माचे पिल्लू अळीने कोश विणेपर्यंत थांबते आणि मग तिला संपवून त्याच कोशात स्वतःचा कोश करते. कोटेसियाचे पिल्लू अळीच्या शरीरातून बाहेर पडून पानावर पांढरा कोश विणते. हे कोश किडीची अंडी समजून चुरडू नयेत.

ग्रासलेली अळी लगेच मरत नाही, काही काळ पाने खातच राहते. त्यामुळे या उपायाचा परिणाम पुढच्या पिढीत दिसतो.

विविध देशांतील अनुभव

जातीची निवड हवामानावर ठरते. डायडेग्माला थंड डोंगराळ प्रदेश मानवतो, तर कोटेसिया उष्ण सखल भागात टिकते. भारतात निलगिरीच्या थंड भागात डायडेग्मा स्थिरावली आहे. मैदानी प्रदेशात कोटेसिया आढळते.

मलेशियातील कॅमेरॉन हायलँड्स येथे १९७० च्या दशकात डायडेग्मा सोडण्यात आली. रासायनिक फवारणी सुरू असेतो तिचा फारसा प्रभाव पडला नाही. शेतकरी बीटीकडे वळल्यावर तो जाणवू लागला. केनियात २००२ मध्ये तैवानहून आणलेली हीच जाती थंड डोंगराळ भागात सोडली गेली आणि तेथे ती रुजली.

पूरक उपाय

बीटी पोटात गेल्यावरच काम करत असल्याने पाने न खाणाऱ्या प्रौढ माश्यांना त्याचा थेट धोका नसतो. मात्र ग्रासलेली अळी त्याने मेली, तर आतील पिल्लूही मरते. म्हणून बीटीचीही फवारणी किडीची संख्या पाहूनच करावी लागते. प्रौढ माश्या फुलांतील मधुरसावर जगतात. भारतात कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावण्याची शिफारस आहे. पतंग कोबी सोडून मोहरीकडे आकर्षित होऊन तेथे अंडी घालतात.