उगुन्स, मेदुस, दूमि : लाटव्हियाच्या भाषेची गोष्ट

आज सुरुवातीलाच तीन शब्द ऐका. उगुन्स. मेदुस. दूमि. काही ओळखीचं वाटलं?

उगुन्स म्हणजे अग्नी, मेदुस म्हणजे मध, दूमि म्हणजे धूम, आपला धूर! हे शब्द आहेत बाल्टिक समुद्राकाठच्या लाटव्हिया देशातले. आता लगेच 'लाटवियन संस्कृतातून निघाली' असं फॉरवर्ड करू नका हं. दोघी एकाच इंडो-युरोपीय घराण्यातल्या, म्हणजे लांबच्या बहिणी. लाटवियनची सख्खी बहीण म्हणजे शेजारची लिथुआनियन. बाल्टिक शाखेत आज या दोघीच जिवंत आहेत.

आणि गंमत ऐका. लाटवियनमध्ये परक्या नावांनाही शेपूट लागतं. पुरुषाच्या नावाला बहुतेक वेळा 'स'. म्हणजे आपला सचिन तिकडे होणार सचिन्स!

पण ही भाषा टिकली कशी? शेकडो वर्षं तिथे जर्मन जमीनदारांचं वर्चस्व होतं, नंतर रशियन झारची सत्ता आली. शेतकऱ्यांची भाषा जगली ती गाण्यांत. या गाण्यांना म्हणतात 'दायना'. बहुतेक चारच ओळींची. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा, तसंच काम, लग्न, मरण, सगळं त्यात. १९व्या शतकात क्रिश्यानिस बारोन्स यांनी लोकांकडून आलेल्या दायना छोट्या चिठ्ठ्यांवर उतरवून एका कपाटात लावल्या. दोन लाखांहून जास्त! ते कपाट आज राजधानी रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीतही.

खरी कसोटी पुढे होती. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळला. १९४१ आणि १९४९ मध्ये हजारो कुटुंबं सायबेरियाला धाडली गेली. कारखान्यांसाठी बाहेरून लोक आले, कामकाजात रशियन वाढली. १९८९च्या जनगणनेत लाटवियन लोक स्वतःच्याच देशात जेमतेम ५२ टक्के उरले होते.

त्याच वर्षी २३ ऑगस्टला तीन बाल्टिक देशांतल्या लाखो लोकांनी हातात हात घालून ६०० किलोमीटरहून लांब साखळी केली. १९९१ मध्ये स्वातंत्र्य परत मिळालं. आज लाटवियन युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. आणि तिला मातृभाषा म्हणणारे किती? साधारण पंधरा लाख. आपल्या पुण्यातच याहून जास्त माणसं राहतात!

तर मंडळी, आजीला एखादी ओवी येत असेल, तर आजच फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!