रूळ बदलतांना

आजचा विषय मोबाइल फोनाचा आहे. परंतु त्याची सुरुवात मला आगगाडीपासून करावी लागणार आहे. माझें बालपण बार्शीकडे गेलें. बार्शीची गाडी त्या काळीं अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून चाले. १८९७ सालीं सुरू झालेली ही छोटी गाडी कुर्डुवाडीस येई, आणि तेथें पुण्या-मुंबईकडे जाणारा मोठा रूळ लागे. तो साडेपांच फुटांचा. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढणें शक्यच नव्हतें. म्हणून कुर्डुवाडीस उतरावें, बोचकीं हमालाच्या डोकीवर द्यावीं आणि दुसऱ्या गाडींत जाऊन बसावें, असा क्रम असे. आमची थोरली बहीण अक्का उतरतांना बोचकीं मोजी, आणि चढल्यावर पुन्हां मोजी. एकदां एक कमी भरलें, तेव्हां गाडी सुटण्याच्या बेतांत असतांना तिनें मला खालीं पिटाळलें होतें.

गेल्या दिवाळींत मला त्या कुर्डुवाडीची पुन्हां आठवण झाली. मुलानें मला आयफोन आणून दिला. तोंवर सात वर्षें माझ्या हातीं अँड्रॉइड पद्धतीचा फोन होता. मी अकरावी मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. या शास्त्राचा पंडित नव्हे. परंतु एका फोनावरून दुसऱ्यावर जातांना जें शिकलों, तें माझ्यासारख्या इतरांच्या उपयोगीं पडेल असें वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं फोन म्हणजे नुसतें यंत्र नव्हे. त्याच्या आंत एक कारभारी बसलेला असतो. पडदा, आवाज, कॅमेरा, सांठवण या सर्वांवर त्याची देखरेख असते. आज जगांतील बहुतेक सर्व स्मार्टफोन दोन कारभाऱ्यांच्या हाताखालीं चालतात. एक ॲपल कंपनीचा आयओएस. पहिला आयफोन २००७ सालीं विक्रीस आला, आणि हा कारभारी केवळ त्याच कंपनीच्या फोनांत नांदतो. दुसरा अँड्रॉइड. तो गूगलनें वाढविला. त्याचा पहिला फोन २००८ सालीं बाजारांत आला, आणि तो अनेक निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांत आढळतो. आपल्या देशांतील बहुसंख्य फोन या दुसऱ्या पद्धतीचे आहेत. हे आपले दोन रूळ.

एकाच नांवाचें ॲप दोन्हींकडे दिसतें, चिन्हहि तेंच असतें. परंतु एकाच शिंप्यानें दोन भावांच्या मापानें शिवलेल्या दोन सदऱ्यांप्रमाणें तीं आंतून निराळीं असतात. म्हणून ॲप एका फोनावरून उचलून दुसऱ्यावर ठेवतां येत नाहीं. तें नव्या कारभाऱ्याच्या दुकानांतून नव्यानें आणावें लागतें. पैसे देऊन घेतलेलें असेल, तर पुष्कळदां पुन्हां पैसे मोजावे लागतात. कारण विक्रीची नोंद जुन्या दुकानाच्या वहींत असते.

सामान वाहण्यास हमाल मात्र मिळतो. ॲपलनें २०१५ सालीं ‘मूव्ह टु आयओएस’ नांवाचें एक ॲप मुद्दाम अँड्रॉइडवाल्यांसाठीं काढलें. नवा आयफोन प्रथम सुरू करतांना पडद्यावर एक सांकेतिक आंकडा येतो. तो जुन्या फोनांत घातला कीं दोन्ही फोन आपसांत बिनतारी जोडले जातात आणि सामान वाहूं लागतें. परंतु हमाल कितीहि प्रामाणिक असला तरी सारेंच सामान एका जातीचें नसतें. त्याचे तीन गट पाडलेले बरे.

पहिला गट सर्वमान्य लिपींतल्या वस्तूंचा. नांवें व दूरध्वनिक्रमांक ‘व्हीकार्ड’ नांवाच्या ठरीव नमुन्यांत लिहितां येतात. छायाचित्रें बहुधा ‘जेपेग’ या नमुन्यांत असतात. हे नमुने कोणा एका कारभाऱ्याच्या खासगी मालकीचे नाहींत. दोघेहि ते वाचतात. म्हणून हें सामान सुखरूप जातें.

दुसरा गट मुळांत फोनांत नसलेल्या वस्तूंचा. विजेच्या टपालाचीं पत्रें किंवा बँकेंतील पैसा हीं दूरच्या भांडारांत असतात. आपल्या हातीं असते ती केवळ किल्ली. संकेतशब्द ठाऊक असला कीं काम झालें. यूपीआयच्या बाबतींत मात्र थोडें सांगितलें पाहिजे. २०१६ सालीं सुरू झालेल्या या पद्धतींत आपलें खातें फोन आणि सिमकार्ड या जोडीशीं बांधलेलें असतें. फोन बदलला कीं त्याच सिमवरून संदेश पाठवून ही गांठ नव्यानें बांधावी लागते, आणि आरंभीं कांहीं काळ मोठी रक्कम पाठवितां येत नाहीं. हा दोष नव्हे; चोराच्या हातीं आपलें खातें लागूं नये म्हणून केलेली ती तरतूद आहे. परंतु ज्या दिवशीं दवाखान्याचें बिल द्यावयाचें असेल, त्या दिवशीं फोन बदलूं नये हें खरें.

तिसरा गट अडचणीचा, आणि बहुधा सर्वांत मोलाचाहि तोच. व्हॉट्सॲपवरील संभाषणें या गटांत येतात. अँड्रॉइडवर त्यांची राखीव प्रत गूगलच्या भांडारांत ठेवली जाते, आयफोनावर ॲपलच्या. आणि एकीकडची प्रत दुसरीकडे उघडत नाहीं. आपल्यांतील अनेकांच्या घरीं पणजोबांच्या हातचे मोडी कागद असतात. कागद शाबूत, शाई शाबूत. पण वाचणारा नाहीं. तसाच हा प्रकार. २०२१ सालापर्यंत हें दप्तर एका पद्धतीवरून दुसरीवर नेण्याची अधिकृत सोय नव्हती. त्या वर्षीं आयफोनावरून सॅमसंगच्या फोनांकडे, आणि २०२२ सालीं अँड्रॉइडवरून आयफोनाकडे ही वाट मोकळी झाली. या दुसऱ्या वाटेच्या अटी अशा होत्या: दूरध्वनिक्रमांक तोच असावा, दोन्ही फोन विजेस जोडलेले असावेत, आणि नवा फोन अगदीं कोरा असावा. म्हणजे त्याची पहिली मांडणी चालू असतांनाच हें काम उरकलें पाहिजे.

ही अट मला ठाऊक नव्हती. येथें मला पुन्हां अक्काकडे वळलें पाहिजे. अक्का शाळेंत गेली नाहीं. मीं छत्तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांना अक्षरें गिरवावयास लावलीं, पण घरच्या बहिणीस शिकवावयाचें राहून गेलें. तिला लिहितां येत नसे, म्हणून ती फोनांत बोलून संदेश पाठवी. पाऊस किती झाला, तूर कशी आहे, कोणाच्या घरीं काय कार्य आहे, आणि शेवटीं मला खोकल्याचें औषध घेतलें कीं नाहीं याची विचारणा. अशा एक्केचाळीस ध्वनिसंदेशांचा सांठा माझ्या जुन्या फोनांत होता. गेल्या वर्षीं श्रावणांत ती गेली. इतरांच्या घरीं गेलेल्या माणसाचीं पत्रें असतात. आमच्या घरीं अक्काचें हस्ताक्षर म्हणजे हा आवाज.

नव्या फोनाच्या उत्साहांत मीं त्याची मांडणी घाईघाईनें पुरी केली. छायाचित्रें आलीं, नांवें आलीं. मी संतुष्ट झालों. जुना फोन पुसून कोरा करून दुकानांत मोबदल्यास द्यावयाचा होता. मी पायांत वहाणा घातल्या तोंच नातीनें विचारलें, “आजोबा, अक्काआजीचे आवाज आले का हो तुमच्या नव्या फोनांत?” मीं पाहिलें. संभाषणांचा कप्पा रिकामा होता. मी तेथेंच ओटीवर बसलों.

नशीब एवढेंच कीं जुना फोन अजून पुसलेला नव्हता. नातीनें प्रथम जुना फोन तारेनें संगणकास जोडला आणि त्यांतील ध्वनिसंदेशांचा कप्पा जसाच्या तसा उतरवून घेतला. कारण हे संदेश साध्या ध्वनीच्या फायली असतात आणि संगणकावर कोणासहि ऐकतां येतात. मग नवा फोन पुसून पुन्हां कोरा केला, संभाषणांचें खातें जुन्या फोनावर परत चालू केलें, दोन्ही यंत्रें विजेस जोडलीं आणि हमालास पहिल्यापासून कामास लावलें. सुमारें दीड तास गेला. त्या दीड तासांत मी दाराबाहेर गेलों नाहीं. काम संपल्यावर आम्हीं मोजलें; एक्केचाळीस भरले.

श्रोतेहो, यांत चूक माझीच होती. परंतु तेव्हांपासून एक विचार मनांत घर करून आहे. दूरध्वनीची कंपनी बदलली तरी आपला क्रमांक कायम ठेवण्याची सोय आपल्याकडे २०१० च्या नोव्हेंबरांत हरियाणांत सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून ती देशभर लागू झाली आणि २०१५ पासून एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जातांनाहि मिळूं लागली. म्हणजे क्रमांक आपल्याबरोबर नेण्याचा हक्क नियमानें मान्य केला. पण त्या क्रमांकावर आलेल्या शब्दांचें काय? युरोपीय संघानें २०२२ सालीं केलेल्या कायद्यान्वयें मोठ्या कंपन्यांना ग्राहकाची माहिती त्याला सोबत नेऊं देण्याचें बंधन घातलें, आणि २०२४ च्या मार्चपासून तें पाळणें भाग पडलें. आपल्याकडे २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला; आधींच्या मसुद्यांत असलेला हा हक्क मात्र त्यांत आला नाहीं. तोंवर आपली काळजी आपणच घेतली पाहिजे.

जे उलट दिशेनें, आयफोनाकडून अँड्रॉइडकडे जातील, त्यांनीं ‘आयमेसेज’ ही ॲपलची संदेशसेवा आधीं बंद करावी. नाहींतर इतर आयफोनवाल्यांचे संदेश जुन्याच पत्त्यावर जात राहण्याचा संभव असतो. जुना फोन हातचा गेला असला, तरी आपला क्रमांक या सेवेंतून काढून घेण्याची सोय ॲपलनें २०१४ सालीं करून ठेवली आहे.

बाकी सर्वांस सांगणें एवढेंच. फोन बदलण्यापूर्वीं कागदावर यादी करावी: नांवें, छायाचित्रें, संभाषणें, ध्वनिसंदेश, संकेतशब्द, बँकेचीं ॲपें. ज्यांवांचून आपल्यास चैन पडणार नाहीं, त्यांची एक साधी प्रत संगणकावर काढून ठेवावी. नवा फोन सुरू करण्याच्या वेळींच हलवाहलव करावी, घाई करूं नये. आणि जुना फोन निदान महिनाभर कपाटांत ठेवावा. मोबदल्याचे चार पैसे कमी आले तरी चालतील.

कुर्डुवाडीचा छोटा रूळ आतां राहिला नाहीं; तेथेंहि मोठा रूळ आला आणि गाडी बदलण्याचा प्रश्न मिटला. फोनांचे दोन रूळ केव्हां एक होतील तें होवोत. तोंपर्यंत उतरतांना बोचकीं मोजावीं, आणि चढल्यावर पुन्हां मोजावीं.