एका जन्मतारखेचे साक्षीदार

शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा, असं सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला विचारलं असतं, तर बहुधा शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ.स. १६२७, असं उत्तर आलं असतं. बखरींची ती परंपरा होती. साताऱ्याला राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही १८२६ साली छापलेल्या ग्रंथात १६२७ हेच साल दिलं होतं. आज शाळेतलं मूल १९ फेब्रुवारी १६३० सांगतं. मधल्या काळात जे घडलं, ते मराठी इतिहाससंशोधनातलं एक अत्यंत शिकवण्याजोगं प्रकरण आहे. आणि तेच आपण शिकवत नाही.

भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घटना तिच्यात वर्षावार टिपलेल्या आहेत. हे जेधे म्हणजे कान्होजी जेध्यांचं घराणं, अफजलखानाच्या प्रसंगी वतनावर पाणी सोडून महाराजांच्या बाजूला उभं राहिलेलं. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ही शकावली प्रसिद्ध केली. तीत जन्माची नोंद शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी, घटका-पळांसह आहे.

मोठा गदारोळ उठला, आणि तो उठणं योग्यच होतं. शकावली म्हणजे टिपणांवरून उतरवलेली यादी. उतरवताना लेखनिकाचा आकडा चुकू शकतो, ओळ गळू शकते. एका घरातल्या एका कागदावर विसंबून शतकभराची समजूत का सोडायची?

मग चिकित्सा सुरू झाली. तिची पहिली पायरी वर्गातल्या मुलांनाही करता येईल अशी आहे. नोंदीतली अंगं एकमेकांशी जुळतात का, ते बघायचं. साठ संवत्सरांच्या चक्रात शके १५४९ हे प्रभव, म्हणून १५५१ हे तिसरं, शुक्ल. जुळलं. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र फल्गुनी नक्षत्रांपाशी असतो, तेव्हा वद्य तृतीयेला तो हस्ताच्या आसपास येणार. तेही जुळलं. त्या दिवसाचा वार गणिताने काढला, तर शुक्रवारच येतो. तिथी, वार, नक्षत्र आणि संवत्सर एकमेकांशी अशी जुळणारी तारीख पुढे कुणी मनाने रचली असेल, हे अवघड आहे. अशक्य मात्र नाही, कारण हुशार पंचांगी ती मागाहूनही बसवू शकतो. म्हणून दुसरा साक्षीदार हवा, आणि तो पहिल्याचा नातलग नसावा.

तो तंजावरात सापडला. कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ हे महाराजांच्या हयातीत लिहिलेलं संस्कृत काव्य. त्याची हस्तलिखितं तिथल्या भोसले राजांच्या संग्रहात होती. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते संपादून १९२७ साली मंडळातर्फे प्रसिद्ध केलं. त्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयाच. मावळातल्या देशमुखाच्या घरचा कागद आणि कावेरीकाठी जपलेलं राजाश्रयी काव्य यांनी एकमेकांना विचारून तारीख लिहिली, असं मानायला काहीच आधार नाही. पुढे राजस्थानातल्या एका ज्योतिष्याच्या संग्रहातली महाराजांची कुंडलीही त्याच दिवसाची निघाली. तरीही वाद मिटायला दशकं गेली. १९६६ साली शासनाने नेमलेल्या अभ्यासकांच्या समितीतही एकमत झालं नाही. अखेर शासनाने १९ फेब्रुवारी स्वीकारली.

माझं म्हणणं एवढंच, की ही तारीख कुणा थोर माणसाने सांगितली म्हणून खरी ठरलेली नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या साक्षीदारांची जबानी जुळली, म्हणून ती ठरली. अस्सल साधनांचं मोल यातच आहे. ‘अस्सल’ हा शिक्का लागला म्हणून कागद खरं बोलतो असं नसतं. त्याला उलट प्रश्न विचारता येतात, हा त्याचा गुण.

याच तारखेत आणखी एक गाठ आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन पंचांगातली तारीख. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च येतो. गोव्याचे पोर्तुगीज नव्या पंचांगाने तारखा घालत, सुरतेचे इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्याच. एकाच दिवशी गोव्यात आणि सुरतेत लिहिलेल्या पत्रांवर दहा दिवसांचं अंतर पडतं. १६८३ साली संभाजी महाराजांनी गोव्यावर केलेली स्वारी अभ्यासताना हे लक्षात ठेवलं नाही, तर बातमी घटनेच्या आधीच पोचल्यासारखी दिसते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातले पोर्तुगीज कागद मराठी साधनांशेजारी ठेवून जे काम केलं, त्यामागे अशा हिशेबांची शिस्त होती.

मराठी पत्रांतल्या तारखांचं वळण तर आणखी वेगळं. त्यांत महिना हिजरी आणि वर्ष सुहूर सनाचं, तेही अरबी संख्याशब्दांत, एकक आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. बेरीज ११६१. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ मध्ये ६०० मिळवले की १७६१. पानिपतची संक्रांत या सनात आली. सहावीतल्या मुलाला ही बेरीज दहा मिनिटांत येते, आणि ज्याने ती एकदा केली, त्याला जुना कागद परका वाटत नाही.

पानिपतचा उल्लेख आलाच आहे, तर राजवाड्यांकडे वळलं पाहिजे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना वाईत एका घरी त्या काळच्या पत्रांचा साठा मिळाला, आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे खंड बावीस झाले. त्या पहिल्या खंडात सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं आहेत. यमुनेवर नावा जमवा, रसद पाठवा, अब्दालीची रसद मारा, असे तगादे त्यांत आहेत. इतिहासाचं पुस्तक वाचणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून तो पहिल्या पानापासून भाऊंच्या चुका मोजत बसतो. पत्र लिहिणाऱ्या भाऊंना जानेवारी ठाऊक नाही. त्यांच्यापुढे पुराने फुगलेली नदी आहे आणि न आलेलं धान्य आहे. विद्यार्थ्याला ही पत्रं तारखेच्या क्रमाने द्यावीत आणि प्रत्येक पत्रानंतर थांबून विचारावं, की तुम्ही असता तर आता काय केलं असतं? पराभवाची कारणं घोकून त्याला जे कळणार नाही, ते या तासाभरात कळेल.

मात्र पत्रंही एकतर्फी असतात. भाऊ तगादा करतात तेव्हा बुंदेल्यांची अडचण दुसऱ्या कागदात शोधावी लागते. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. त्यांनी नुसती पत्रं छापली नाहीत, तर मधले दुवे स्वतः लिहून पत्रांचा संदर्भ बांधून दिला. एका शाळामास्तराने हे केलं, ही गोष्ट आजच्या शिक्षकांपुढे वारंवार ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

अडथळा मोडीचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोडीत आधी शिरोरेघ ओढतात, मग हात न उचलता खाली अक्षरं धावतात. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवड करून ४५ खंड काढले, तरी तो समुद्रातला थेंब ठरला. मोडी वाचणारे आज मोजके आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना वाचता येतं पण सनावळी लावता येत नाही. दोन्ही एकत्र शिकवलं पाहिजे. नुसती लिपी शिकवणारा वर्ग कागद वाचणारे तयार करील, तपासणारे नाही.

शाळेसाठी मात्र मोडीची वाट पाहण्याची गरज नाही. बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात ‘इतिहासाची साधने’ हा धडा आहे. भौतिक, लिखित, मौखिक हे प्रकार मुलं पाठ करतात, परीक्षेत एकेक उदाहरण लिहितात आणि पुढच्या धड्यापासून साधनांचा विषय संपतो. त्या धड्याच्या तासाला फळ्यावर दोन तारखा लिहाव्यात, शके १५४९ची आणि शके १५५१ची. मुलांना शकावलीची नोंद, ‘शिवभारता’तल्या तिथीचा मराठी अर्थ आणि बखरीतला उतारा असे तीन कागद द्यावेत, सोबत संवत्सरांची यादी. प्रत्येक कागद कुणी लिहिला, घटनेनंतर किती वर्षांनी, कुणासाठी, आणि त्याला हे कुठून कळलं असेल, हे त्यांनी शोधावं. निकाल शिक्षकाने सांगू नये. एखाद्या गटाने शके १५४९ची बाजू घेतली, तर त्याच्याकडून पुरावा मागावा आणि बाकीच्यांनी तो तपासावा.