छाननी हवी ती फ्रँचायझी कराराची

अमेरिकेतील उपनगरी नगर परिषदांत गर्दी खेचतात ते पुनर्विकासाचे प्रस्ताव. व्यवसाय परवाने बहुधा दरवर्षी नूतनीकरणाला येतात, त्यामुळे तिथली चूक सुधारता येते. वीज कंपनीला शहराचे रस्ते वापरू देणारा फ्रँचायझी करार मात्र अनेक वर्षे बांधून ठेवतो. म्हणून कसून छाननी व्हावी ती त्याचीच. खांब-तारांत पैसा गुंतवणाऱ्या कंपनीला दीर्घ मुदत हवी, हा आक्षेप रास्त आहे. पण मुदत दीर्घ ठेवूनही शहराचे हात मोकळे राहू शकतात. डेन्व्हरजवळच्या बोल्डरने २०१० मध्ये एक्सेल एनर्जीचा करार संपू दिला, स्वतःची वीजयंत्रणा उभारण्यासाठी जवळपास दशकभर झगडा केला आणि २०२० मध्ये मतदारांच्या कौलाने २० वर्षांचा नवा करार स्वीकारला. त्यात शहराला मधूनच बाहेर पडण्याच्या संधी आहेत. अशी कलमे प्रत्येक नगर परिषदेने मागितलीच पाहिजेत.