दार बंद होतं तेव्हा
मुंबईच्या उपनगरांतल्या प्रवासात खरा बदल झाला तो दारात. साध्या लोकलची दारं कायम उघडी. गर्दीत तेवढीच काय ती हवा. बंद दारांची सवय लावली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोनं, जून २०१४पासून. मग २५ डिसेंबर २०१७ला बोरिवलीहून पहिली एसी लोकल सुटली.

अंधेरी–दहिसर पट्ट्यातल्या '२अ' आणि '७' या मेट्रो मार्गांवर तर फलाटाच्या कडेलाही सरकते दरवाजे आहेत. गाडीचं दार फलाटाच्या दारासमोरच यावं लागतं, म्हणून थांबण्याची जागा यंत्रणा नेमकी साधते. एक जरी दार नीट लागलं नाही, तरी गाडीला सुटण्याचा इशारा मिळत नाही. 'जरा दार धरून ठेव' म्हणणाऱ्या मित्रांची इथे पंचाईत!

साध्या लोकलला अशी दारं का नाहीत? कोंदटलं की जीव गुदमरेल म्हणून. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून झालेल्या दुर्घटनेनंतर रेल्वेनं या कोंदटण्यावर उपाय म्हणून आराखडा जाहीर केला: दारांना झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रं, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडवाट, म्हणजे गर्दी आतल्या आत पांगेल.